कॅमेऱ्यासमोर बोललेलं 'काढून टाका' म्हटलं तर काढायचं का?

शेवटचा बाक | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आमच्या तिघांच्या गटाला 'बाजार समिती' हा विषय मिळालाय. म्हणून जिल्ह्यातल्या एका कांदा बाजारात लिलावाच्या वेळी कॅमेरा घेऊन उभे राहिलो. ट्रॅक्टरांच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतोय, भाव पुकारून मिनिटभरात मोकळे. तिथं एका शेतकरी काकांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. लिलावात एक भाव लागतो, मग खळ्यावर (व्यापाऱ्याच्या माल साठवायच्या आवारात) माल खाली करताना व्यापारी वांधा काढतो, 'आतून माल बारीक निघाला' म्हणतो आणि भाव पाडतो. हातातली पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरली. आवाज चढलेला, मागे दोघंतिघं माना डोलावतायत. आम्हाला आणखी काय हवं होतं?

गटातल्या मित्रानं त्यातली पन्नासेक सेकंदं रील म्हणून टाकली. ती इतकी फिरली की कॉलेजात अनोळखी पोरं येऊन विचारायला लागली. आणि मग काकांचा फोन आला. "पोरांनो, ते काढून टाका. मी खोटं बोललो नाही, पण मला परत तिथंच माल न्यायचाय."

मित्राचं म्हणणं, सार्वजनिक जागा, जनहिताचा विषय, ते स्वतःहून बोलले. दबावाखाली व्हिडिओ उतरवणं म्हणजे सेन्सॉरशिपच. मैत्रीण म्हणते, आधी काढ, मग वाद घाल. मी मध्ये लटकलोय. वर्गात इंटरनेटचं स्वातंत्र्य म्हणजे सरकार विरुद्ध नागरिक असंच शिकलो. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराबद्दल अटक करता येणारं कलम ६६अ, ते रद्द करणारा श्रेया सिंघल निकाल, काश्मीरची इंटरनेटबंदी, सगळं पाठ आहे. इथं तर सरकार कुठेच नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य काकांचं आणि दाखवण्याचं आमचं, या दोघांत भांडण लागलं तर कुणाची बाजू घ्यायची?

(गाव-नाव मुद्दाम लिहीत नाही. रीलची लिंक कृपया मागू नये.)

---

तिरपागडे | शनिवार, रात्री ९:५२

लिंक द्या की.

---

मेथीची जुडी | शनिवार, रात्री १०:०५

काढा. एवढ्यासाठी धागा कशाला हवा? माणूस 'नको' म्हणतोय.

---

बिनधास्त बाळू | शनिवार, रात्री १०:११

अजिबात काढू नका. असं प्रत्येकाच्या फोनवर काढत बसलात तर उद्या पुढाऱ्याचा फोन आल्यावरही काढाल. पत्रकारिता करायची असेल तर कातडी जाड करा, नाहीतर बँकेच्या परीक्षा आहेतच.

---

मेथीची जुडी | शनिवार, रात्री १०:१५

@बाळू, कातडी यांची जाड होणार आणि सोलली जाणार काकांची. भारी आहे हे.

---

कलमकसाई | शनिवार, रात्री ११:२०

धागाकर्त्याला सगळं पाठ आहे म्हणतो, तर थोडी उजळणी.

नोव्हेंबर २०१२, पालघर (तेव्हा ठाणे जिल्ह्यात). बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्याच प्रकरणामुळे श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं. गंमत म्हणजे त्यानंतरही पोलीस हेच कलम लावत राहिले, २०२१ मध्ये न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं.

आता प्रश्नाकडे. सार्वजनिक जागी चित्रीकरण करायला आपल्याकडे सरसकट मनाई नाही. पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाबद्दलसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं की शासकीय गुपिते कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणां'त पोलीस ठाणं येत नाही. तेव्हा बाजाराच्या आवारात शूट केलं म्हणून कुणी खटला भरेल, ही भीती सोडा.

दुसरी बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क मानलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची सोय आहे, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं तो म्हणतो. पत्रकारितेला या कायद्यात वेगळी सूट नाही. आधीच्या मसुद्यांत होती, ती गळली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बरीच कलमं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. तो पूर्ण लागू झाला की 'त्यांनी स्वतःच सांगितलं' एवढ्यावर भागेल का, यावर वकिलांची चांगली कमाई होणार आहे.

---

तिरपागडे | शनिवार, रात्री ११:३१

म्हणजे उत्तर काय? वकील लोक शेवटी फी सांगतात, उत्तर सांगत नाहीत.

---

कलमकसाई | शनिवार, रात्री ११:३४

मी वकील नाही, कारकून आहे. म्हणून फुकटात सांगितलं.

---

जुना वार्ताहर | रविवार, सकाळी ७:१०

मी एका जिल्हा दैनिकात हयात घालवली. आमच्या वेळी शेतकरी असं काही बोलला की 'नाव छापू का?' हा प्रश्न ठरलेला असायचा. तो 'नको' म्हणाला की 'एका शेतकऱ्याने सांगितले'. संपादक ओरडायचे, पण चालायचं. छापलं तरी दुसऱ्या दिवशी तो कागद वडापावच्या गाडीवर. आठवडाभरानं बातमी शोधायची तर वाचनालयात जाऊन फाइल काढा.

आता तोंडच छापलं जातं, आवाजासकट, आणि ते रद्दीत जात नाही. सहा महिन्यांनी कुणी तिसराच माणूस खाली भलता मजकूर लिहून ते परत फिरवतो. तेव्हा 'नाव छापू का' या जागी आता विचारायला हवं की 'हे तुमच्या गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर जाईल, चालेल का?' हे विचारलंत का तुम्ही? की 'काका, जरा इकडे बघून बोला' एवढंच?

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८:४५

मी निफाड तालुक्यातला. कांदा लावतो, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं धरून चालतो.

शहरातल्या मंडळींसाठी आधी वांधा म्हणजे काय ते. लिलाव ट्रॉलीतला वरचा माल बघून होतो. बोली झाली की ट्रॅक्टर त्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथं माल ओतला की खालचा दिसतो. त्यात गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघाली, कोंब आलेला, भिजलेला निघाला, तर व्यापारी म्हणतो या भावात नाही जमणार. कधी त्याचं खरंही असतं. आमच्यातलेही काही जण वर चांगला कांदा लावतात, नाही म्हणायचं कारण नाही. पण कधी नुसता बाजार पडला म्हणूनही वांधा निघतो. तेव्हा ट्रॅक्टर अर्धा रिकामा झालेला असतो, भाडं चढतंय, घरी कापणीला बायका लावलेल्या, भरलेला माल परत कुठे नेणार? निम्मे लोक तिथंच मान तुकवतात. तक्रार करता येते, पण तक्रार करणाऱ्याचं तोंड लक्षात राहतं. तुमच्या काकांना याचीच भीती आहे. कुणी मारणार नाही, धमकीही देणार नाही. फक्त पुढच्या खेपेला त्यांच्या ट्रॉलीपाशी घोळका आला की बोली जरा मंदावेल. हे सिद्ध करता येतं का?

पण बाळूचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव धाडकन खाली आले. त्या वेळी आमची बाजू बाहेर गेली ती अशाच फोनवरच्या व्हिडिओंतून. मोठे कॅमेरे आले, पण ते पुढाऱ्यांच्या मागे. पोरांनी शूट केलं नसतं तर आमच्या पट्ट्या कुणी बघितल्या असत्या?

माझा सल्ला. या काकांचं उतरवा. पण विषय सोडू नका. दहा जणांशी बोला, दहा जणांचं एका पाठोपाठ एक वाक्य लावा. एकटा दिसला की एकटा सापडतो, दहा दिसले की व्यापारी कुणाकुणाला लक्षात ठेवणार? आणि व्यापाऱ्यालाही विचारा. त्याची बाजू असतेच, ती न घेता केलेला व्हिडिओ आम्हालाही अर्धवट वाटतो.

---

जुना वार्ताहर | रविवार, सकाळी ९:०२

@गोदाकाठ, दंडवत. हे आमच्या संपादकांनी सांगितलं असतं तर दहा वर्षं आधी शहाणा झालो असतो.

---

सांजवेळ | रविवार, सकाळी ११:१५

शेतकरी काकांबद्दल सगळे बोलताय, तर शहरातलं सांगते. पुण्यात एफसी रोडवर संध्याकाळी उभं राहून बघा. माईक घेतलेली पोरं मुलींना अडवून विचारतात, नवऱ्याचा पगार किती हवा, स्वयंपाक येतो का, आधी किती बॉयफ्रेंड. माझ्या मावसबहिणीनं हसत हसत काहीतरी उत्तर दिलं. तिचं मिनिटभराचं बोलणं कापून सात-आठ सेकंदांचं केलं, शेवटचं 'मी गंमत करतेय' उडवलं. खाली कमेंट्स काय असतील सांगायला नको. स्थळ बघायला आलेल्यांनी तो व्हिडिओ काढून तिच्या बाबांना दाखवला.

तिनं त्या पेजला मेसेज केला. उत्तर आलं, 'ताई, तुम्ही हो म्हणाला होतात.' हो, ती बोलायला हो म्हणाली होती. कापायला कधी हो म्हणाली?

---

मेथीची जुडी | रविवार, सकाळी ११:२२

@सांजवेळ, +१. आणि बायकांच्या मुलाखती टाकताना निदान कमेंट्स बंद ठेवा. त्यानं काही बिघडत नाही, फक्त आकडा कमी येतो. तिथंच सगळं अडतं.

---

बिनधास्त बाळू | रविवार, सकाळी ११:४०

ती रील आणि बाजार समिती एका तागडीत घालू नका. एक टाइमपास, एक जनहित.

---

सांजवेळ | रविवार, सकाळी ११:४६

तुमच्या मते जनहित. ती रील करणारा पोरगाही 'समाजाचा आरसा' म्हणत होता.

---

फ्रांकफुर्टकर | रविवार, दुपारी २:३०

इकडचं थोडं. जर्मनीत रस्त्यावर कुणाकडे मोबाईल वळवला तरी लोक लगेच तोंड फिरवतात. सुरुवातीला मला हा शिष्टपणा वाटायचा. मग कामावरच्या एकानं इतिहास सांगितला. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला त्या रात्री दोन छायाचित्रकार खोलीत घुसले, मृतदेहाचा फोटो काढला आणि विकायला निघाले. घरच्यांनी कोर्टात खेचलं, फोटो जप्त झाला. पण नेमक्या कुठल्या कायद्याखाली, यावर बराच खल झाला. त्यातून १९०७ चा कायदा आला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवायचं नाही. गर्दीतले चेहरे, सभा-मिरवणुका, सार्वजनिक महत्त्वाच्या घटना यांना सूट आहे. तो कायदा आजही चालू आहे.

म्हणजे तुमचा प्रश्न इथं सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला होता. फरक एवढाच की तेव्हा फोटो विकावा लागायचा, आता फुकट पसरतो.

---

तिरपागडे | रविवार, दुपारी २:४१

बिस्मार्क ते निफाड. या धाग्याला व्हिसा लागणार.

---

खटपट्या | रविवार, दुपारी ४:२०

मी जरा उलटं लिहितो. इथं सगळे संमती-संमती करताय, पण भारतात इंटरनेटवरचं मोठं संकट ते नाहीच. बटण दाबून नेट बंद होतं, हे संकट. माझा हॉस्टेलमधला रूममेट काश्मीरचा. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला आठवडेच्या आठवडे घरचा आवाज ऐकू आला नाही, फोनसुद्धा बंद होते. तो मेसमध्ये ताट घेऊन नुसता बसायचा. पुढे जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अनिश्चित काळ नेट बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला हवेत. तरी तिथं फोरजी सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

आणि ते लांबचं म्हणून सोडू नका. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअॅप स्टेटसवरून दंगा झाला, नेट बंद. त्याच वर्षी मराठा आंदोलन पेटलं तेव्हा बीडमध्ये बंद. दोन-चार जणांच्या स्टेटसपायी अख्ख्या जिल्ह्याचं यूपीआय, ऑनलाइन फॉर्म, सगळं ठप्प. अशा वेळी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पोरांची गरज सगळ्यात जास्त असते. त्यांना आधीच संमतीच्या नियमांत जखडून ठेवलं की सरकारला नेट बंद करायचीही गरज उरणार नाही.

---

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:०५

@खटपट्या, नेटबंदीबद्दल सहमत. पण दुसरी बाजू धुळ्यानं दाखवलीय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे व्हिडिओ, मेसेज महिनाभर फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाचही जणांना ठार मारलं. आणि मारतानाचे व्हिडिओही काढले लोकांनी. वाचवायला हात पुढे आले नाहीत, मोबाईल आले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

मी नेट बंद करा म्हणत नाही. पण 'व्हिडिओ काढणारा म्हणजे आपोआप लोकांच्या बाजूचा', हे माझ्या गळी उतरत नाही.

---

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ५:१८

मान्य. पण तो गुन्हा अफवेचा आणि जमावाचा. कॅमेऱ्यानं निदान आरोपी ओळखायला मदत केली.

---

अक्षरओळख | रविवार, संध्याकाळी ६:००

पहिलाच प्रतिसाद आहे, चूकभूल द्यावीघ्यावी. खोटं काय ते सरकारनंच ठरवायचं, याचाही प्रयत्न झालाय. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत सरकारी सत्यशोधन कक्षाची तरतूद आली, केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा की दिशाभूल करणारा ते तो कक्ष ठरवणार होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द ठरली.

---

तिरपागडे | रविवार, संध्याकाळी ६:०७

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सत्यशोधन कक्ष आहे, त्याला जोशीकाका म्हणतात. त्यांच्याविरुद्ध अपील नाही.

---

कलमकसाई | रविवार, संध्याकाळी ६:१५

अवांतर: जोशीकाका अॅडमिन असतील तर त्यांना सांगा. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अॅडमिन म्हणून त्यांना जबाबदार धरता येत नाही, असं नागपूर खंडपीठानंच २०२१ मध्ये म्हटलंय. मात्र ठरवून, संगनमतानं केलं असेल तर सुटका नाही.

---

शेवटचा बाक | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. इतकं येईल वाटलं नव्हतं.

आज आम्ही तिघं बोललो. रील उतरवली. मित्र अजून नाराज आहे आणि त्याचं कारण तकलादू नाही. तो म्हणतो, काकांची रील उतरली तरी दोन-तीन मोठ्या पेजेसनी ती उचलून स्वतःचा लोगो चिकटवलाय, खाली एका पक्षाच्या नावानं शिव्या चालल्यात. म्हणजे मूळ संदर्भ असलेली एकमेव प्रत आपण काढली आणि मोडतोड केलेल्या शिल्लक राहिल्या. त्या पेजेसना मेसेज केलेत. एकानं ब्लॉक केलं.

जुना वार्ताहर काकांनी विचारलंय ते खरंच विचारलं नव्हतं का, तर त्या दिवशी आमचा प्रश्न होता 'बोलाल का?' कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असंही सांगितलं होतं. 'रील करू' असं नव्हतं, कारण तेव्हा आमच्याही डोक्यात नव्हतं. माझा खटपट्यांशी वाद इथंच आहे. सरकारनं माझं नेट बंद केलं तर मी कोर्टात जाऊ शकतो, निकाल आहेत, वर तुम्ही दिलेतही. काकांनी कुठे जायचं? बोलल्याची किंमत त्यांनी मोजायची आणि व्ह्यूज आमचे, या हिशेबाला मी तरी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

पुढचं असं ठरलंय: गोदाकाठ म्हणतात तसं जास्त शेतकरी, हमाल, व्यापारी, समितीचे सचिव. ज्यांना चेहरा नको त्यांचे फक्त हात आणि पट्ट्या. संमतीचा एक कागद करतोय, त्यावर कुठे कुठे टाकणार ते लिहून सही घेणार.

---

जुना वार्ताहर | रविवार, रात्री ९:५०

कागद नको. खेड्यात सहीचा कागद पुढे केलात की माणूस गप्प होतो, सात-बारा आठवतो त्याला. कॅमेरा चालू करून तोंडीच विचारा, 'हे इन्स्टाग्राम, यूट्यूबवर टाकणार आहोत, नाव सांगू का, चेहरा दाखवू का'. त्याचं उत्तर रेकॉर्डमध्येच राहील. आणि निघताना आपला नंबर देऊन या. काकांकडे तुमचा नंबर होता म्हणून फोन तरी आला.

---

बिनधास्त बाळू | रविवार, रात्री १०:०२

उतरवली म्हणजे शेवटी झुकलातच. असो. व्यापाऱ्याची मुलाखत मिळाली तर टाका, बघायला आवडेल.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:२५

पट्ट्या दाखवणार असाल तर एक सांगतो. नुसतं नाव झाकून भागत नाही. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर असतो, पट्टीवर तारीख, वजन आणि भाव. त्या दिवशी त्या भावाला तेवढ्या वजनाचा माल कुणाचा गेला हे व्यापाऱ्याचा मुनीम वही न उघडता सांगेल. वजनाचे आकडे झाका, भाव आणि कापलेली रक्कम तेवढी ठेवा. ट्रॅक्टरच्या बंपरवर मुलाचं नाव रंगवलेलं असतं, तेही बघा.